भीमथडीला मान्यता मिळाली, पण घोडीला नर कुठाय?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात घोडी आहे त्यांनी पूर्ण वाचा. ज्यांच्या दारात नाही पण ज्यांची साहेब लोकांत, पुढाऱ्यांत ऊठबस आहे, त्यांनी निदान शेवटचा भाग तरी वाचा.

2024 च्या सुरुवातीला आपल्या भागासाठी एक चांगली बातमी आली होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया या सात नोंदणीकृत देशी जातींत आपलं तट्टू आठवं. बातमी सगळ्यांनी फिरवली, स्टेटसला ठेवली. राज्यगीतात ज्या तट्टांचं नाव आहे ती हीच, म्हणून पुन्हा एकदा छाती फुगली. छाती फुगायलाच हवी. एकेकाळी ही जात संपलीच असं जाणकारही धरून चालले होते.

आता पुढचा प्रश्न, जो स्टेटसवर कुणी ठेवत नाही. तुमच्याकडे भीमथडी घोडी आहे आणि ती आज माजावर आली. उद्या तिला कुठे न्यायचं?

गाईचं असं नसतं. गाय माजावर आली की डॉक्टरांना किंवा गावातल्या रेतन करणाऱ्याला फोन करायचा. तो मोटारसायकलवर नायट्रोजनचं कॅन घेऊन गोठ्यात येतो. कोणती कांडी हवी तेही विचारतो: गीर, साहिवाल, खिल्लार, एचएफ. पन्नास वर्षांच्या मेहनतीने ही सोय उभी राहिली आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. तोच फोन घोडीसाठी करून बघा. आमच्या भागात मी चौकशी केली. एका ठिकाणी हसून सांगितलं, "घोड्याचं आमच्याकडे काही नसतं." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "अमुक फार्महाउसवर मारवाडी उभा आहे, तिकडे विचारा."

या दुसऱ्या उत्तरात सगळी अडचण आली.

आधी थोडा हिशेब मांडतो, कारण घोडी म्हणजे शेळी नाही. घोडी चौथ्या वर्षी फळवावी. गाभणकाळ अकरा महिन्यांचा, सरासरी 340 दिवस. एका वेळी एकच शिंगरू. जुळं राहिलं तर बहुतेक वेळा दोन्ही हातचे जातात. रोज चालणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या घोडीला वर्षाआड एक वेत झालं तरी पुष्कळ. म्हणजे सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत एक घोडी फार तर सहा शिंगरं देते. त्यात तीन माद्या धरा. एखादी लहानपणीच जाते, एखादी विकली जाते. घोडी स्वतःच्या जागी एक मादी मागे ठेवून गेली तरी नशीब समजायचं. अशा सहा वेतांतली तीन वेतं उंच परक्या नराला दिली, तर त्या घोडीची वंशरेघ भीमथडीपुरती पुसली गेली म्हणून समजा. हे कुणाला दिसत नाही, कारण दारात शिंगरू उड्या मारत असतं आणि ते देखणंही असतं.

देशाचा आकडाही समोर ठेवतो. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख निघाली. 2012 मध्ये ती सव्वासहा लाख होती. सात वर्षांत जवळपास निम्मी घट. भीमथडीची सगळी संख्या पुणे, सातारा, सोलापूर, नगर अशा पट्ट्यात, आणि तीही काही हजारांतच. तिथे एकेक वेत मोजून वापरायला हवं.

मग माणसं उंच नराकडे का जातात? कारण सोपं आहे. बाजार उंचीला पैसे देतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, अकलूजच्या बाजारात दरवर्षी मथळा कुणाचा होतो? सगळ्यात उंच, सगळ्यात महाग, पंचकल्याणी, गळ्यावर देवमण असलेल्या मारवाडीचा. लग्नाच्या वरातीला पांढराशुभ्र नुकरा हवा. मेंढ्यांमागे दिवसभर चालून संध्याकाळी पालाशेजारी मुकाट उभ्या राहणाऱ्या तट्टाचा फोटो कोण छापणार? मेंढपाळालाही पैसा लागतो. आपल्या घोडीला मारवाडी दाखवला तर शिंगरू उंच होईल, चार पैसे जास्त मिळतील, असं त्याला वाटलं तर त्यात गैर काय?

गैर काही नाही, पण गणित अर्धवट आहे. मारवाडीची उंची साधारण दीड मीटर आणि त्याच्या वर. आपलं तट्टू त्याहून बरंच बुटकं. जगभरात खांद्यापाशी 148 सेंटिमीटरच्या आतल्या घोड्याला पोनी धरतात, त्यात आपलं तट्टू आरामात बसतं. या दोघांचं शिंगरू मधलं कुठलं तरी निघतं. ना मारवाडीची शोभा, ना तट्टाचा काटकपणा, अशीही होतात. चांगली निघणारी असतात, नाही असं नाही. पण कुणाकडे काय जाईल हे आधी सांगता येत नाही. लांब पाय आईच्या बारीक हाडावर आले, तर ओझ्याखाली चौथ्या-पाचव्या वर्षीच पाय धरायला लागतात. बाजाराला ते मारवाडी म्हणून चालत नाही आणि वाड्याला तट्टू म्हणून पुरत नाही. वर खायला जास्त. फार्महाउसवर हरभरा, मका, लसूणघास असतो. वाड्यावर बांधावरचं गवत आणि उसाचं वाढं. त्यावर जगून रोज पंधरा-वीस किलोमीटर चालण्याचा गुण हीच भीमथडीची खरी किंमत आहे. ती उंचीच्या फुटपट्टीवर मोजता येत नाही.

इथे एक गैरसमजही बाजूला करतो. पुष्कळ जण सांगतात, "मोठा घोडा लावला तर शिंगरू पोटात मावत नाही, घोडी व्यायला अडते." ही भीती अगदीच खोटी नाही, पण वाटते तेवढी खरीही नाही. 1938 साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी कृत्रिम रेतन करून अवाढव्य शायर घोडे आणि चिमुकली शेटलंड तट्टं यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला. शेटलंड आईच्या पोटी आलेलं शिंगरू जन्मताना शायर आईच्या शिंगराच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं भरलं. बाप कितीही मोठा असो, पोटातली वाढ आईचं गर्भाशय बरीचशी आवरून धरतं. म्हणजे "व्यायला अडेल" हे उंच नर टाळायचं मुख्य कारण नव्हे. खरा धोका दोन ठिकाणी आहे. एक, प्रत्यक्ष लागणीच्या वेळी. जड नराच्या वजनाने लहान घोडीच्या पाठीला आणि आतून इजा होऊ शकते. दुसरा, जन्मानंतर. ते शिंगरू ज्या कामासाठी आणि ज्या चाऱ्यावर वाढणार आहे, त्याला ते लायक आहे का?

नर निवडताना हाच प्रश्न पहिला विचारायचा. शिंगरू कुठे राहणार, काय खाणार, काय वाहणार?

ज्यांचं आयुष्य घोड्यांत गेलं अशा लोकांकडून ऐकलेलं आणि पशुवैद्यकांकडून पडताळून घेतलेलं थोडक्यात लिहितो.

एक. नर उभा असताना बघू नका, चालताना बघा. समोरून आणि मागून. पाय सरळ पडतात का, खूर कठीण आणि गोल आहे का, पाठ आखूड आणि भरलेली आहे का. रंग आणि भोवरे शेवटी. पंचकल्याणी असून गुडघा वाकडा असेल तर वाड्याला त्या कल्याणाचा उपयोग नाही.

दोन. दोन्ही अंड खाली उतरलेले हवेत. एक वर राहिलेला नर वापरू नये, तो दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो.

तीन. स्वभाव. मालकाला चावणारा, मागचे पाय झाडणारा नर कितीही देखणा असला तरी नको. तुमच्या पोरीबाळी त्याच्या शिंगराच्या पाठीवर बसणार आहेत.

चार. त्याची आधीची शिंगरं बघा. जमलं तर त्याची आईही बघा. नर स्वतःबद्दल सांगतो त्याहून जास्त त्याची शिंगरं सांगतात.

पाच. नातं तपासा. आपल्या वाड्यांत हा फार मोठा धोका आहे, कारण कळपात फिरणारा नर पुष्कळदा त्याच कळपात जन्मलेला असतो. बापाला लेक किंवा लेकाला आई लागली, तर शिंगराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता 25 टक्के होते. झाकलेले दोष मग उघडे पडतात. जे पोर नर म्हणून ठेवायच्या लायकीचं नाही ते वेळेत खच्ची करा. खच्ची तट्टू कामाला उलट बरंच पडतं.

सहा. रक्ततपासणी. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. जनावर पॉझिटिव्ह आलं की त्याला दयामरण देणं हाच कायदेशीर मार्ग, शिवाय भागातल्या घोड्यांच्या ये-जा करण्यावर बंदी येते ती वेगळीच. इक्वाइन इन्फेक्शियस अ‍ॅनिमिया या दुसऱ्या रोगावरही औषध नाही. दहा गावच्या घोड्या ज्या नराकडे येतात, त्याचे कागद बघितल्याशिवाय घोडी तिथे नेऊ नका. मालकाने कागद मागितल्यावर तोंड वाकडं केलं तर घोडी वळवा आणि घरी या.

आता पद्धत. नैसर्गिक की कृत्रिम, यावर सध्या खूप बोललं जातं, कारण बातम्या तशा येतात. 2023 मध्ये राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या कॅम्पसमध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मलं, त्याचं नाव राज-प्रथमा ठेवलं. आपल्या शास्त्रज्ञांची ही मोठी कामगिरी आहे. उद्या भीमथडीच्या एखाद्या अव्वल घोडीचे भ्रूण काढून साध्या घोड्यांत वाढवता येतील, आणि ते करायलाच हवं. पण ते निवडक जनावरांचं काम आहे. वाड्यावरच्या रोजच्या घोडीला त्याने आज नर मिळत नाही.

गोठवलेल्या कांडीचंही तसंच. गाईत ती जेवढी सोपी तेवढी घोडीत नाही. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. नराचं ताजं रेत घोडीच्या पोटात दोन दिवस तरी, कधी त्याहूनही जास्त तग धरतं. म्हणून माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड नर दाखवत गेलं की काम होतं. गोठवलेलं रेत एवढं टिकत नाही. ते बीज सुटायच्या आगेमागे काही तासांतच द्यावं लागतं, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा सोनोग्राफी. माळावर पाल टाकून बसलेल्या माणसाने सोनोग्राफीचं मशीन कुठून आणायचं?

मधला मार्ग आहे तो थंड केलेल्या रेताचा. नराचं रेत काढून चार-पाच अंश सेल्सिअसला ठेवलं तर दिवसभर, चांगल्या नराचं दोन दिवसही चालतं. सकाळी एका ठिकाणी काढलेलं रेत दुपारी तीन तालुक्यांत पोचू शकतं. घोडी नेण्याचा टेम्पो वाचतो, लागणीतून पसरणारे रोग टळतात, लाथा-चाव्यांची इजा टळते. पण त्यासाठी एक तपासलेला, प्रशिक्षित भीमथडी नर, रेत काढणारी माणसं आणि घोडीत रेतन करायला शिकलेला तालुक्याचा डॉक्टर लागतो. हे सगळं व्यवस्थेचं काम आहे, मेंढपाळाचं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आजच्या घडीला वाड्यावरच्या घोडीसाठी सगळ्यात योग्य पद्धत जुनीच आहे: चांगला, तपासलेला, नात्याबाहेरचा भीमथडी नर, आणि दोन्ही जनावरं हातात धरून केलेली लागण. कळपात नर मोकळा सोडण्यापेक्षा हे बरं, कारण तारीख कळते, बाप कळतो, घोडीला इजा कमी. एकवीस दिवसांनी पुन्हा नर दाखवायचा. घोडीने झिडकारला तर आशा धरायची, आणि जवळ सोय असेल तर पंधराव्या-सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून घ्यायची, म्हणजे जुळं असेल तेही तेव्हाच कळतं.

वेळेचंही बघा. पुस्तकात लिहितात की दिवस मोठे होत जातात तशा घोड्या नीट माजावर येतात, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला फळवा. फार्महाउसला ते ठीक आहे. पण ज्यांचा वाडा दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतो आणि पावसाच्या आधी परततो, त्यांनी फेब्रुवारीत फळवली तर घोडी पुढच्या जानेवारीत वाटेवर, घाटात कुठेतरी व्यायची. जुलै-ऑगस्टला फळवली तर ती पुढच्या जून-जुलैत गावी व्यायेल. हिरवा चारा असेल, घरची माणसं जवळ असतील, आणि वाडा हलेपर्यंत शिंगरू तीन-चार महिन्यांचं होऊन आईमागे चालायला लागलेलं असेल. पावसाळ्यात चिखल आणि सर्रा पसरवणाऱ्या माश्यांचा त्रास असतो, त्याची काळजी घ्यावी लागते. पण वाटेवर व्यायलेल्या घोडीपेक्षा ते परवडतं. जुने मेंढपाळ हे मनातल्या मनात धरूनच चालायचे.

हे सगळं लिहून झाल्यावर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे कागद आणि जमीन यातलं अंतर कळेल.

आमच्या भागातले एक मेंढपाळ मामा. नाव लिहीत नाही. त्यांची तांबडी घोडी, वय नऊ. पायाला दगड, स्वभावाला गाय. आधीचं शिंगरू नर होतं, ते विकलं. त्याआधीची मादी वीज पडून गेली. या वेळी त्यांना घोडीच्या जागी घोडी हवी होती आणि ती तट्टाचीच हवी होती. मान्यतेची बातमी त्यांना त्यांच्या नातवाने मोबाइलवर दाखवली होती. घोडी माजावर आली तसा त्यांचा मला फोन. "दादा, पेपरात आलंय ना आपल्या तट्टाचं, मग सरकारचा नर कुठं हाय त्याचा?"

मी दोन दिवस फोन करत होतो. दवाखान्यात नर नाही, कांडी नाही. एका संस्थेचा नंबर मिळाला, तो लागला नाही. नीरेच्या पलीकडे एका वाड्यात चांगला नर आहे असं कळलं, पण तो वाडा त्या आठवड्यात हलला होता आणि मुक्काम नक्की नव्हता. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं ऐकून मामा गप्प झाले. मी म्हणालो, "मामा, एक पाळी जाऊ द्या, एकवीस दिवसांनी बघू."

"एकवीस दिसांनी मी हितं असन का नसन, दादा. आन घोडी काय आपल्यासाठी थांबती व्हय?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी घोडी सहा किलोमीटरवरच्या फार्महाउसला नेली. मारवाडी नर, काळाभोर, देखणा. पैशाऐवजी एक मेंढरू ठरलं. कागदाचं त्यांनी विचारलंही नाही, कुणी दाखवलेही नाहीत. घोडी गाभण राहिली.

मी मामांना दोष देत नाही. फार्महाउसवाल्यालाही देत नाही, त्याने दारात आलेल्या माणसाला नाही म्हटलं नाही. पण जातीला मान्यता मिळाल्यानंतर, जात टिकवायची इच्छा असलेल्या माणसाच्या हातून त्या जातीचं एक वेत गेलं. कारण त्या पाच दिवसांत पन्नास किलोमीटरच्या आत भीमथडीचा नर सापडला नाही. असं किती दारांत होत असेल?

दोन आक्षेप येणार, त्यांची उत्तरं आधीच देतो.

पहिला: "भीमथडी तरी कुठे शुद्ध? अरबी-तुर्की घोडे आणि इथली तट्टं यांच्या मिश्रणातूनच ती झाली." खरं आहे. पण तो संकर झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठ्यांच्या फौजेने आणि नंतर धनगरांच्या वाड्यांनी तो चालवून, उपाशी ठेवून, डोंगर चढवून पारखला. जे टिकलं त्याचीच पुढची पिढी झाली. आज जो संकर होतो त्यात पारख कुठे आहे? प्रत्येक वेळी नवा नर, शिंगरू बाजारात, आई म्हातारी. याने नवी जात घडत नाही, जुनी मात्र संपते.

दुसरा: "आता पिकअप आलेत, तट्टू हवंय कुणाला?" सामान पिकअपमधून जातं हे बऱ्याच वाड्यांत खरं आहे. पण मेंढी अजून पायीच जाते, आणि जिथे रस्ता संपतो तिथे कोकरू, आजारी मेंढी, भांडीकुंडी आणि लहान पोर घोड्याच्याच पाठीवर जातं. शिवाय मोटारबंदी असलेल्या माथेरानला घोड्यावर आजही कित्येक घरं चालतात. पोरांना घोडेस्वारी शिकवणाऱ्यांना शांत, बुटकं, काटक जनावरच लागतं. शहरातला पालक आपल्या सात वर्षांच्या मुलीला उंच मारवाडीवर बसवायला घाबरतो, तट्टावर बिनधास्त बसवतो. बाजार आहे, पण तो तट्टाच्या नावाने कुणी उभा केलेला नाही.

आता शेवटचा भाग, ज्यासाठी ही पोस्ट लिहिली.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल केले. घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या व्यवसायाला 50 टक्के भांडवली अनुदान, कमाल 50 लाखांपर्यंत. आणि घोडा, गाढव, उंट यांची रेत केंद्रं आणि मूळ पैदास केंद्रं उभी करायला केंद्राकडून 10 कोटी. पहिली योजना तीन घोड्यांच्या मेंढपाळासाठी नाही. उरलेले 50 टक्के आणायचे कुठून? ज्याच्याकडे जमीन आणि भांडवल आहे तो ती घेईल आणि बाजार बघून बहुधा मारवाडीच पाळेल. म्हणून आपल्याला दुसरी तरतूद धरून बोलायला हवं.

मागण्या फार नाहीत.

एक, या चार जिल्ह्यांसाठी भीमथडीचं एक पैदास आणि रेत केंद्र. त्याचा प्रस्ताव गेला आहे का, गेला असेल तर कुठे आहे, हे आपल्या आमदार-खासदारांनी विचारून जाहीरपणे सांगावं.

दोन, केंद्र उभं राहीपर्यंत वाट बघू नका. चांगले भीमथडी नर आजही लोकांच्या वाड्यांवर आहेत. ते निवडा, त्यांची रक्ततपासणी करा, मालकाला चाऱ्यासाठी मानधन द्या आणि दर लागणीमागे ठरावीक रक्कम द्या. तालुक्याला दोन नर मिळाले तरी प्रश्न निम्म्यावर येईल. यासाठी इमारत लागत नाही, उद्घाटन लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणी करत नसेल.

तीन, या नरांची यादी तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावा. नाव, गाव, फोन, तपासणीची तारीख. वाडा हलला तर नवा मुक्काम. एका कागदाने मामांचं काम झालं असतं.

चार, बाप-आई-शिंगरू अशी साधी नोंदवही. तिच्याशिवाय कोण कुणाचा हे दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही, आणि नात्यातल्या लागणी अशाच चालू राहतील.

पाच, बाजार भरवणाऱ्या समित्यांनी तट्टांचा वेगळा गट ठेवून त्यात बक्षीस द्यावं. उंचीला नको. चालीला, खुराला, ओझं घेऊन दहा किलोमीटर चालून आल्यावर श्वास किती वेळात खाली बसतो त्याला. बक्षीस ज्याला मिळतं त्याचा भाव चढतो, आणि भाव चढला की मेंढपाळ आपणहून तट्टाचा नर शोधतो. त्याला जातीवर भाषण द्यावं लागत नाही.

आपल्याकडे एखाद्या गोष्टीला मान्यता मिळाली की काम झालं असं आपण धरतो. पण कर्नालच्या प्रमाणपत्राने घोडी गाभण राहत नाही. तिला नर लागतो, तोही ठरावीक पाच दिवसांत आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

यंदा पाऊस लागला की वाडे परत येतील आणि घोड्या पुन्हा माजावर येतील. तुमच्या माहितीत चांगला भीमथडी नर असेल तर मालकाची परवानगी घेऊन मला कळवा. यादी करायला मी बसतो. सरकारी भिंतीवर लागेपर्यंत ती या भिंतीवर लावू.